बारा बोअर: परवडते कोणाला आणि कशासाठी?

वसईतल्या सांडोरच्या माणसाला बारा बोअरची बंदूक घ्यायची झाली, तर पहिली चक्कर दुकानात नसते, पोलीस आयुक्तालयात असते. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झालं, तेव्हापासून परवान्याचा अर्ज तिकडे. त्याआधी पालघरचे जिल्हाधिकारी आणि २०१४ मध्ये जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाण्याचे. लोक मात्र सुरुवात शेवटच्या टोकाकडून करतात: थोडक्या पैशात चांगली दुनळी कुठे मिळेल?

हे विचारणारे साधारण तीन तऱ्हेचे असतात. एकाच्या घरात आजोबांची बंदूक होती आणि ती आता पोलीस ठाण्यात नाहीतर विक्रेत्याकडे जमा पडून आहे. दुसऱ्याने ऑलिंपिकमध्ये उडत्या तबकड्या फुटताना पाहिल्या आहेत आणि आपणही एकदा फोडून बघाव्यात असं त्याला वाटतं. तिसरा टोरांटोला किंवा न्यू जर्सीत असतो आणि तिथले सहकारी शनिवारी क्ले शूटिंगला जातात. प्रश्न तिघांचा एक, उत्तरं तीन.

शिकारीचं आधी मिटवून टाकू. जुन्या मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याखाली शिकारीचे परवाने निघत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही काही प्राण्यांपुरती परवान्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. आज ससा, तित्तर, लावा, होला, पाणकोंबडी यांतलं काहीही हौसेखातर मारणं गुन्हा आहे. बंदूक परवान्याची असली तरी गुन्हा आणि बिनपरवान्याची एअरगन असली तरी गुन्हाच. 'एअरगनने पाखरू मारलं तर कोण विचारतो' हे वाक्य अजून कानावर येतं. कायद्याला हत्याराशी देणंघेणं नाही, मेलं काय ते तो बघतो. वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. तिथे परवाना खिशात असला तरी हत्यार घेऊन आत जाण्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते. भुईगावच्या पाणथळीत हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. पहाटे तिथे जी माणसं दिसतात त्यांच्या गळ्यात दुर्बिणी असतात.

आणि जे अजून चोरून जातात त्यांची गत काय होते तेही याच जिल्ह्यात दिसलं. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकरामागे गेलेल्या टोळक्यातल्या एकाला आपल्याच सोबत्याची गोळी लागली आणि तो जागीच गेला. अंधारात झुडूप हललं की बार काढायचा, ही सवय जुन्या नाणावलेल्या शिकाऱ्यांनीही निषिद्ध मानली होती.

बंदुकीचा नाद माणसाला कुठेही नेऊ शकतो, हे मात्र खरं. मुंबईत लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवायला सलीम अली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथेच अडकले. व्यंकटेश माडगूळकरही आधी शिकारीच्या नादाचे. पुढे वही-पेन्सिल घेऊन नागझिऱ्यात जाऊन राहिले. दोघांनाही बंदुकीने रान बघायला शिकवलं. ती शाळा आता बंद झाली आहे आणि ती बंद झाली हेच बरं झालं, असं माझं मत आहे.

शेतीच्या रक्षणाची बाब वेगळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, आणि ठासणीने भागत नसेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे परवाने घरोघरी वारशाने चालत आले आहेत. तिथली कायमची तक्रार म्हणजे निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करा, आणि नेमकी तेव्हाच डुकरं भातात किंवा वानरं बागेत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या बंदोबस्ताला वनखात्याच्या परवानगीने वाट करून दिली. पण परवानगीशिवाय बार काढता येत नाही, आणि मारलेलं जनावर सरकारजमा होतं. मटणाच्या आशेने कोणी या वाटेला जात असेल तर त्याने घरीच बसावं. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या लोकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातूनच सूट आहे. आपल्याकडे तशी कोणालाही नाही.

सांडोरपुरतं बोलायचं तर इथल्या वाडीत रानडुक्कर येत नाही, बिल्डर येतो. केळी, पानवेली, मोगरा जिथे होता तिथे आता इमारती आहेत. त्यांच्यामधून छर्ऱ्याची बंदूक चालवण्याचा विचारही नको. पीकसंरक्षणाचा मुद्दा खरा आहे तो पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याला, आणि पुढे वाडा, जव्हार, विक्रमगडकडे.

उरली तबकडी. ही तबकडी हातात घेतली की आधी तिच्या हलकेपणाचं नवल वाटतं. व्यास ११० मिलिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम, जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच. नाव 'क्ले', म्हणजे मातीचं, पण घडण चुनखडीची पूड आणि डांबराची. बोटाने दाबली तर टिकते, खाली पडली तर फुटते आणि हवेत दोन-चार छर्रे लागले की काळा धूर सोडून नाहीशी होते. ट्रॅप या प्रकारात नेमबाजापुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात १५ यंत्रं. तबकडी कुठल्या यंत्रातून सुटेल हे आधी कळत नाही आणि ती नेमबाजापासून लांब पळत जाते. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन खोल्या, एक उंच एक बुटकी. तबकड्या आडव्या जातात आणि नेमबाज अर्धवर्तुळातल्या आठ जागा फिरतो. बंदूक कमरेशी धरून उभं राहायचं, तबकडी दिसली की खांद्याला लावायची. दोन्हींची फेरी २५ तबकड्यांची.

आपल्याकडे या खेळाला प्रतिष्ठा दिली ती बिकानेरच्या करणीसिंह महाराजांनी. पाच ऑलिंपिक, १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य. १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेल्या दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजला त्यांचंच नाव आहे. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्य आणलं, २००६ मध्ये मानवजित संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले. नावं बघा: राजस्थान, पंजाब. महाराष्ट्राची नावं आठवून बघा: अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे. सगळी रायफल-पिस्तुलाची. याचं कारण गुणवत्तेत नाही, जागेत आहे. दहा मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्ये शिकता येते, कोल्हापूर-पुण्यात तशीच शिकली गेली. छर्ऱ्याच्या बंदुकीला पुढे दोन-तीनशे मीटर मोकळी, निर्मनुष्य जमीन लागते. वरळीच्या समुद्रकाठी रायफल-पिस्तुलाची रेंज चालते. रविवारी सकाळी जाऊन वीसपंचवीस तबकड्या फोडून याव्यात अशी सोय वसई-मुंबई पट्ट्यात रुजलीच नाही. दिल्ली, जयपूर, पतियाळा, भोपाळ, हैदराबाद ही त्याची ठिकाणं. म्हणून सांडोरच्या हौशी माणसाच्या खर्चात बंदुकीच्या आधी रेल्वेचं तिकीट येतं.

त्यानंतर काडतुसं. साध्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती, हा आकडा लिहिलेला असतो. समजा वर्षाला २०० मिळाली. ट्रॅपच्या फेरीत एका तबकडीवर दोन बार काढायची मुभा असते, म्हणजे नवशिक्याला एका फेरीत तीस-पस्तीस काडतुसं सहज लागतात. सहा फेऱ्यांत वर्ष संपलं. रायफल असोसिएशनचा नोंदणीकृत नेमबाज झाल्याशिवाय ही मर्यादा वाढत नाही. हौस परवडणार की नाही हे इथे ठरतं.

आता बंदुका. भारतात सामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकापासून परदेशी बंदूक मागवता येत नाही. सवलत आहे ती राष्ट्रीय पातळीवरच्या मान्यताप्राप्त नेमबाजांना. त्यामुळे बाजारात तीन थर आहेत.

सर्वांत खाली मुंगेर आणि जम्मूच्या परवानाधारक लहान कारखान्यांची एकनळी-दुनळी. स्वस्त, रांगडी आणि एकासारखी दुसरी नसलेली. यात चांगला नग निघतो, पण तो निवडायला जाणता डोळा लागतो. त्यावर सरकारी आयुध निर्माण्यांचा माल: एकनळी, दुनळी आणि तिरुचिरापल्लीची पंप-ॲक्शन. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून बंदुका कानपूरच्या कंपनीकडे आणि काडतुसं पुण्याच्या. सरकारी दुनळी देखणी नाही, चाप जड, लाकूड बेताचं. पण नळी भरवशाची आणि सुटे भाग मिळतात. पंप-ॲक्शन घराच्या रक्षणाला ठीक, तबकडीला आखूड नळीची म्हणून गैरसोयीची. तिसरा थर जुन्या विलायती बंदुकांचा: वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, बेल्जियमच्या लिएजच्या. आयात थांबल्यामुळे यांच्या किमती गुणवत्तेपेक्षा टंचाईवर चढल्या आहेत. इंग्लंडमध्ये लिलावात कोणी ढुंकून बघणार नाही अशी साधी बॉक्सलॉक दुनळी इथे खानदानी वस्तू म्हणून विकली जाते.

जुनी दुनळी बघायची कशी, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण गावातली बहुतेक प्रकरणं याच प्रकारची. आधी बंदूक मोडून दोन्ही खाने रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. मग नळ्या सुट्या करून खिडकीच्या उजेडाकडे धरा. आत उजेडाची वर्तुळं एकात एक नीट दिसली पाहिजेत. एखादं वाकडं दिसलं तर तिथे खड्डा किंवा फुगवटा आहे. काळे ठिपके म्हणजे गंज. वसईची खारी हवा आणि पावसाळा यांनी कित्येक बंदुका आतून खाल्ल्या आहेत, वरून पॉलिश चकचकीत असताना. पुढचा लाकडी हात काढून नळ्या परत बसवा, दस्ता धरून हलवा. सांध्यात खडखड जाणवली तर बिजागरी सैल झाली. नळ्या दोरीला टांगून लाकडाने हलकेच ठोका: स्वच्छ नाद आला तर जोडपट्टी घट्ट, भद्द आवाज आला तर डाग सुटलेत. शेवटी नळीच्या बुडाशी कोरलेल्या खुणा वाचा. काडतुसाच्या खान्याची लांबी अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर लिहिली असेल तर त्यात आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस घालू नका. ते आत बसतं, इथेच लोक फसतात. पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीवर वेलबुट्टीसारखी लाटालाटांची नक्षी दिसली तर ती दमास्कसची नळी, काळ्या दारूच्या काळातली. ती भिंतीवर शोभते.

चोकबद्दल दुकानात पुष्कळ ऐकवलं जातं. नळीचं तोंड किती आवळलंय यावर छर्ऱ्यांचा पसारा ठरतो, एवढंच. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५०, बिनचोक नळी ४०. जुन्या दुनळ्यांत डावी नळी बहुतेकदा फुल असते. नवशिक्याला फुल चोक म्हणजे शिक्षा. चुकला तर पुरता चुकतो. स्कीटला उघडी नळी, ट्रॅपला आवळलेली. दोन्ही थोडं थोडं करायचं असेल तर मॉडिफाइडवर थांबा आणि पुढचा विचार सोडून द्या.

याहून कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दस्ता अंगाला बसणं, आणि तिची चौकशी कोणी करत नाही. रायफलीला नेम असतो. छर्ऱ्याच्या बंदुकीत मागचा नेमकाटा म्हणजे तुमचा डोळाच. शिंप्याने दुसऱ्याच्या मापाचा शर्ट दिला तर तो निदान अंगात जातो. दुसऱ्याच्या मापाचा दस्ता घेतला तर बार दरवेळी त्याच बाजूला चुकतो आणि दोष नजरेला दिला जातो. जुन्या इंग्रजी बंदुकांचा दस्ता साधारण साडेचौदा इंच, उंच माणसाच्या हातासाठी केलेला. आपल्या सरासरी बांध्याला तो लांब पडतो, शर्टात अडकतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ समोर दिसली तर बंदूक तुमची. पट्टीचा डोंगर दिसला किंवा मागचा लोखंडी भागच आडवा आला तर सुताराकडून दस्ता कापून किंवा गालाशी उंच करून घ्यावा लागेल. त्याआधी आपला कुठला डोळा जोरकस आहे तेही तपासा: दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूवर बोट धरा आणि एकेक डोळा मिटा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा जोरकस निघाला तर महागातली बंदूकही त्याला तारणार नाही.

वजनाचंही असंच. हलकी बंदूक खांद्यावर मिरवायला बरी, पण धक्का तीच जास्त देते. रानात दिवसभर वागवायची बंदूक तीन किलोच्या आसपास, ट्रॅपची साडेतीन ते चारच्या दरम्यान. तबकडीच्या स्पर्धेत छर्ऱ्यांचं वजन साडेचोवीस ग्रॅमच्या वर चालत नाही. तेवढंच हौशी माणसाच्या खांद्यालाही पुरे. आपल्याकडची काडतुसं म्हणजे मुख्यतः खडकीची, के. एफ. शक्तिमान. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. विक्रेत्याकडे 'एलजी', 'एसजी', 'चार नंबर', 'सहा नंबर' अशी भाषा चालते: एसजीत मोजून आठ-नऊ टपोरे छर्रे, सहा नंबरात तीनशेच्या घरात बारीक. रानडुकराच्या बंदोबस्तासाठी दिलेलं एसजी तबकडीवर वाया आणि तबकडीचं बारीक काडतूस डुकरावर क्रूर, कारण ते जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं.

परदेशातल्या आपल्या मंडळींची गोष्ट सोपी वाटते, पण तिथेही कायदा दुकानाच्या आधी येतो. अमेरिकेत एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक घ्यायला मनाई आहे. मुख्य अपवाद म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. कॅनडात आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम आणि परवाना. इंग्लंडमध्ये पोलिसांचं शॉटगन सर्टिफिकेट, पाच वर्षांचं, आणि त्यावर तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी बंदूक बसत नाही. म्हणून अमेरिकेतली लोकप्रिय पंप जशीच्या तशी तिथे चालत नाही.

अमेरिकेत स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे पंप: मॉसबर्ग ५००, तिचंच साधं भावंड मॅव्हरिक ८८, नाहीतर १९५० पासून निघणारी रेमिंग्टन ८७०. दिसायला ओबडधोबड, पण एकाच बंदुकीत नळी बदलून बदक, टर्की आणि तबकडी तिन्ही भागतात. पाणपक्ष्यांना तिथे १९९१ पासून शिशाचा छर्रा बंद आहे, पोलादी लागतो. तो जुन्या पातळ नळीत आणि फुल चोकमधून काढू नये. तबकडीच मुख्य असेल तर एकावर एक नळ्यांची वापरलेली बंदूक बघावी. तुर्कस्तानच्या हुगलू, यिल्दिझ, एटीए यांनी गेल्या काही दशकांत हा बाजार खाली आणला. लाकूड सुंदर, जोडकाम बरं, पण आतल्या स्प्रिंगा आणि सुटे भाग यांची खात्री करून घ्यावी लागते. माझा कौल विचाराल तर नव्या तुर्की बंदुकीपेक्षा दहा वर्षं वापरलेली बेरेट्टा ६८६ किंवा मिरोकू घ्यावी. सुरुवातीला हजारभर डॉलर जास्त जातील, विकताना ते बहुतेक परत येतील.

आणि इकडे? ज्याला फक्त तबकडीची उत्सुकता आहे त्याने पहिल्या वर्षी बंदूक घेऊच नये. दिल्ली-भोपाळच्या रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तिथल्याच बंदुकीने शंभर-दोनशे तबकड्यांवर हात चालवून बघावा. नाद टिकला तर राज्य रायफल असोसिएशनची नोंदणी, मग परवाना, मग बंदूक. डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्याला एकनळी पुरते, आणि कुंपण व राखण त्याहून जास्त. घराच्या रक्षणासाठी म्हणून बारा बोअर मागणाऱ्या सांडोरच्या फ्लॅटवाल्याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेला असतो. लग्नात हौसेने बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला आहे, तेही ध्यानात असू द्या. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका, आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा केला.

ज्यांच्या घरची जुनी दुनळी जमा पडून आहे त्यांनी मात्र नवी शोधण्याआधी तिचा विचार करावा. परवानाधारक वारला असेल तर कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. हयात असेल आणि वय ७० झालं असेल, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली असतील, तरीही ती वारसाच्या नावे करून मागता येते. परवान्यावर यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक आहे का, तेही बघून घ्या. जमा बंदुकीचा कोणी धनी पुढे आला नाही तर ती शेवटी सरकारजमा होते. म्हणून आजोबांचा परवाना कपाटातून आजच काढा, पावती शोधा आणि आधी अर्ज करा. बंदूक ठेवायची की विकायची हे नंतरही ठरवता येईल.